सिबिल बिघडलेलं असताना स्वतःचा ट्रक : कोल्हापूरच्या चालकांचे नेहमीचे प्रश्न

मी अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर चालक होतो. आता सात वर्षं झाली, स्वतःची सहा चाकी चालवतोय. गाडी घेतली तेव्हा माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा गुण, ५७१ होता. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलो होतो, त्याचे हप्ते थकले आणि डाग माझ्या नावावर पडला. शिरोलीत गाडी भरायला लागली की तास-दोन तास जातात. त्या वेळात तरणी पोरं जे विचारतात, तेच इथं उत्तरांसकट लिहून ठेवतोय.

स्कोअर ६०० च्या खाली आहे. कर्ज मिळतं का?

मिळतं. मात्र महाग मिळतं, गाडीच्या किमतीचा कमी भाग मिळतो आणि बहुतेक वेळा जुन्याच गाडीवर मिळतं. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ७५० च्या वर असेल तर बँका खुशीनं दार उघडतात. पण अमुक स्कोअरच्या खाली कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. किमान स्कोअर ज्याची त्याची बँक किंवा फायनान्स कंपनी ठरवते. म्हणून एका ठिकाणी नकार आला म्हणजे सगळं संपलं असं समजू नका.

तसंच एकाच आठवड्यात सात ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जासरशी तुमचा रिपोर्ट काढला जातो, त्याची नोंद राहते आणि लागोपाठ नोंदी दिसल्या की स्कोअर आणखी घसरतो. आधी तोंडी चौकशी करा. तुमचं खरं चित्र सांगा, आणि जिथं होकाराची आशा दिसेल तिथंच सही करा.

ज्यांनी आयुष्यात कर्जच घेतलेलं नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं सिबिल खराब नाही, कोरं आहे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला निव्वळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. काउंटरवर हे शांतपणे बोलून दाखवा.

माझं सिबिल नेमकं कशामुळं बिघडलंय ते कसं कळणार?

रिपोर्ट काढा आणि वाचा. स्कोअरच्या आकड्यावरून काही समजत नाही, कारण रिपोर्टच्या आत असतं. देशात असे रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, त्यासाठी कुणाला पाचशे रुपये द्यायची गरज नाही. पॅन आणि मोबाईल नंबर घालून त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो.

रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जासमोर महिन्यागणिक किती दिवस उशीर झाला ते लिहिलेलं असतं. कर्ज ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलेलं) आहे, ‘सेटल्ड’ (तडजोडीनं मिटवलेलं) आहे की ‘रिटन ऑफ’ (बुडीत धरलेलं), हेही असतं. माझ्या ओळखीच्या एका चालकाच्या रिपोर्टमध्ये मोबाईलच्या हप्त्याचे १,८०० रुपये चार वर्षं थकलेले दिसत होते. दुकान बंद पडलं, हप्ता राहून गेला आणि तो विसरला. त्या १,८०० रुपयांसाठी ट्रकचं कर्ज अडलं होतं. त्यानं पैसे भरले, बाकी नसल्याचा दाखला घेतला आणि पुढच्या काही महिन्यांत वाट मोकळी झाली.

रिपोर्टमध्ये चूक असेल, म्हणजे फेडलेलं कर्ज चालू दिसतंय किंवा दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर आहे, तर तिथंच ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत. ३० दिवसांत निकाल लावायचा असतो आणि त्यापुढं रोज १०० रुपयांप्रमाणे भरपाई मागता येते.

मी कर्ज घेतलंच नव्हतं, फक्त जामीन राहिलो होतो. तरी माझं नाव का?

कारण जामीनदार म्हणजे कर्जदार पळाला तर पैसे देणारा. आपल्याकडं पाहुण्यात, भावकीत ‘सही तर करायची आहे’ म्हणून जामीन होतात. ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये दिसतं आणि थकलं की तुमच्याही नावाला लागतं. मी स्वतः हे भोगलंय. मी चुलतभावाला घेऊन बँकेत गेलो, थकलेली रक्कम दोघांनी मिळून भरली आणि खातं बंद केल्याचं पत्र घेतलं. नातं तुटायला आलं होतं. पण ते खातं चालू ठेवून माझ्या नावावर कुणी गाडी दिली नसती.

सहकारी संस्थेचं कर्ज असेल तर जास्तच सावध राहा. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की जामीनदाराच्या जमिनीपर्यंत जप्ती येऊ शकते. नोटीस आली तर घरात दडवू नका, वकिलाला दाखवा.

ऊस वाहतुकीत मुकादमानं फसवलं आणि कर्ज माझ्या नावावर राहिलं. आता काय?

कोल्हापूर-सांगलीच्या वाहनधारकांची ही खरी जखम आहे. हंगामाआधी ऊसतोड मजुरांच्या टोळीसाठी मुकादमाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची, ती लाखांत असते. टोळी आलीच नाही किंवा अर्ध्यातून गेली तर उचल वाहनमालकाच्या अंगावर पडते. काही ठिकाणी तर कारखान्याच्या हमीवर कर्ज बँकेतून काढलेलं असतं, तेही वाहतूकदाराच्या नावावर. कागद न वाचता सही केलेली असते, मग चार वर्षांनी सिबिल काढलं की समजतं.

आधी रिपोर्टमध्ये ते कर्ज कुठल्या बँकेचं आहे आणि किती बाकी दाखवतंय ते बघा. कारखान्याकडून तुमच्या बिलातून कापून घेतलेल्या रकमांचा उतारा लेखी मागा. कापलेले पैसे बँकेत जमा झाले नसतील तर तो वाद तुमचा एकट्याचा नाही, तुमच्यासारखे आणखी असतील, त्यांना सोबत घ्या. मुकादमाविरुद्ध करारपत्र आणि पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा असेल तर पोलिसात तक्रार देता येते. रोख दिलेल्या उचलीचा पुरावा नसतो, म्हणून यापुढं एक रुपयाही रोख देऊ नका.

बँक म्हणते निम्म्यात सेटलमेंट करू. करून टाकू का?

घाई करू नका. सेटलमेंट केली की रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शिक्का बसतो. म्हणजे पूर्ण फेडलं नाही, तडजोड केली. पुढचा कर्ज देणारा ते वाचतो. अशी माहिती रिपोर्टमध्ये किमान ७ वर्षं ठेवली जाते. रक्कम लहान असेल आणि सहा महिने ताणून पूर्ण भरता येत असेल तर पूर्णच भरा आणि ‘क्लोज्ड’ करून घ्या. रक्कम आवाक्याबाहेरची असेल तर सेटलमेंट ही थकबाकीपेक्षा बरी, आणि पुढं हातात पैसे आल्यावर उरलेली रक्कम भरून नोंद बदलून घेता येते का, ते बँकेला लेखी विचारून ठेवा.

एक एजंट दहा हजारांत सिबिल क्लिअर करून देतो म्हणतो.

देऊ नका. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करू शकता. तुमचं आधार, पॅन आणि ओटीपी मात्र त्याच्याकडं जातं.

मग सुधारायला किती दिवस लागतील?

थकबाकी मिटवल्यावर वर्षभर नीट वागलात तर फरक दिसतो. आता बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती द्यावी लागते, त्यामुळं पूर्वीसारखं महिनोन्महिने थांबावं लागत नाही. बँकेत वीस-पंचवीस हजारांची ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, त्यावर फक्त डिझेल किंवा किराणा घ्या आणि बिल मुदतीआधी पूर्ण भरा. ठेवीवरच्या कार्डाला स्कोअर फारसा बघत नाहीत.

त्या वर्षात आणखी एक गोष्ट करा: पगार आणि भत्ता रोखीत न घेता खात्यावर घ्या. मालक कुरकुर करेल, तरी घ्या. बारा महिन्यांचा खातेउतारा आणि दोन वर्षांचं आयकर विवरणपत्र, एवढ्या दोन गोष्टींनी माझ्यासारख्या ५७१ वाल्याचं ऐकून घेतलं गेलं. फायनान्सवाला बघतो ते हे की पोराच्या खात्यात महिन्याला पैसे येतात का आणि टिकतात का.

बँक, फायनान्स कंपनी, की पतसंस्था?

व्याज बँकेचं सगळ्यात कमी, पण सिबिल खराब असेल तर तिथं अर्ज अडतो. जुन्या ट्रकवर चालकालाच मालक करणारं कर्ज देणं हा फायनान्स कंपन्यांचा जुना धंदा आहे. श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स १९७९ पासून त्यात आहे, २०२२ मध्ये श्रीराम समूहातल्या दुसऱ्या कंपन्या तिच्यात विलीन झाल्या आणि तिचं नाव श्रीराम फायनान्स झालं. अशा कंपन्यांचा माणूस घरी येतो, गाडी बघतो, तुम्ही किती वर्षं कुठल्या रूटवर चालवलंय ते विचारतो. स्कोअर कमी असेल तर ते जामीनदार मागतात आणि गाडीच्या किमतीच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंतच जातात, असा माझा आणि माझ्या आसपासच्यांचा अनुभव आहे.

पतसंस्था ओळखीवर देते आणि लवकर देते. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही. तिथं वेळेवर भरलेल्या हप्त्यांची नोंद सिबिलकडं जाते का, ते आधी विचारा. जात नसेल तर तीन वर्षं इमानानं हप्ते भरूनही तुमचा स्कोअर जागचा हलणार नाही.

व्याज फक्त १० टक्के आहे म्हणतात. मग महाग कसं?

‘फ्लॅट’ हा शब्द ऐकलात का? तिथंच सगळं आहे. ८ लाख रुपये, ३ वर्षं, फ्लॅट १० टक्के. म्हणजे वर्षाला ८० हजार, तीन वर्षांचे २ लाख ४० हजार व्याज. एकूण १० लाख ४० हजार भागिले ३६, हप्ता २८,८८९ रुपये. आता हेच ८ लाख घटत्या बाकीवर १८ टक्क्यांनी घ्या: हप्ता येतो २८,९२२ रुपये. म्हणजे फ्लॅट १० म्हणजे खऱ्या हिशेबात जवळपास १८ टक्के. कारण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, पण फ्लॅटमध्ये शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ८ लाखांवर व्याज लावलेलं असतं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगाच्या मुदत कर्जाला मुख्य माहितीचा एक कागद द्यावा लागतो. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा. सही करण्याआधी तो मागा. फाईल चार्ज, गाडीचं मूल्यांकन, कर्जाला जोडलेला विमा, सगळं त्यात दिसलं पाहिजे. कागदात नसलेला पैसा मागितला तर का म्हणून विचारा.

मुद्रा योजनेतून किंवा महामंडळाकडून होईल का?

मुद्रामध्ये माल वाहतुकीची गाडी बसते. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुणचं कर्ज फेडलेल्याला २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. पण पैसे बँकेचेच असतात, त्यामुळं बँक सिबिल बघतेच. छोटा हत्ती किंवा पिकअपसाठी विचारायला हरकत नाही.

अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या योजनेत कर्ज बँक देते आणि महामंडळ व्याजाचा परतावा देतं. पात्रतेचा दाखला कर्ज घेण्याआधी काढायचा असतो, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही. आणि थकबाकीदाराला ही वाट बंद असते. म्हणून पुन्हा तेच: आधी थकबाकी मिटवा, मग अर्ज.

बायकोच्या नावावर गाडी घेऊ का? तिचं सिबिल चांगलं आहे.

कायद्यानं घेता येते आणि अनेकजण घेतात. पण तिला बसवून समजावून सांगा की कर्ज तिचं, नोटीस तिला येणार, हप्ता चुकला तर तिचं नाव खराब होणार, आणि अपघातात नोंदणीकृत मालक म्हणून कोर्टाचा कागदही तिच्याच नावावर येणार. हे सगळं ऐकून ती हो म्हणाली तर घ्या. तिला न सांगता अंगठा-सही घेऊन कर्ज काढणं मला मान्य नाही. माझ्याच गावात एका घरात शेवटचं चांगलं सिबिल होतं ते असंच गेलं, आणि नंतर मुलीच्या शिक्षणाचं कर्ज अडलं.

एकजण हप्ते चालू असलेली गाडी देतोय. दोन लाख रोख, बाकी हप्ते मी भरायचे, स्टॅम्पवर लिहून देतो म्हणतो. सिबिलचा प्रश्नच नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि याचंच उत्तर मी जीव तोडून देतो: करू नका.

त्या गाडीच्या आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे. कंपनीच्या परवानगीशिवाय ती विकताच येत नाही, त्यामुळं पाचशेच्या स्टॅम्पवर तुम्ही घेतलेली गाडी तुमची होत नाही. तुम्ही तीन वर्षं हप्ते भरता, स्कोअर सुधारतो तो मूळ मालकाचा. त्याचं दुसरं एखादं कर्ज थकलं आणि दोन्ही कर्जं एकाच कंपनीची असली तर तुमचे सगळे हप्ते भरूनही बोजा उतरवायचं पत्र अडू शकतं. मूळ मालक वारला तर त्याचे वारस येऊन गाडी मागतात. अपघातात गाडीला काही झालं तर विम्याचा चेक त्याच्या नावानं निघतो.

आणि विकणाऱ्यानंही हे वाचावं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावर. गाडी तीनदा हात बदलली तरी मूळ नावावरच येणार.

तीच गाडी घ्यायची असेल तर सरळ वाट आहे. तुम्ही आणि विकणारा, दोघं मिळून फायनान्स कंपनीत जा. कर्ज तुमच्या नावावर वळतं करता येतं का विचारा. नाहीतर तुमच्या नव्या कर्जातून त्यांची बाकी भरून बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत घ्या, फॉर्म २९ व ३० भरून नाव बदला, आणि नवा बोजा फॉर्म ३४ नं चढवा. पंधरा-वीस दिवस जास्त जातील. जाऊ द्या.

पहिली गाडी कुठली घ्यावी?

ज्या गाडीवर तुम्ही चालक म्हणून किमान दोन वर्षं काढलीत, ती. तिचा आवाज तुम्हाला कळतो, तिचा मेस्त्री ओळखीचा असतो.

खराब सिबिलवर पहिलीच गाडी बारा चाकी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तिचा एक महिना रिकामा गेला तर सावरता येत नाही. छोटा हत्ती, पिकअप किंवा चौदा-सतरा फुटी सहा चाकीपासून सुरू करा. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या गाडीला परमिटही लागत नाही. नव्या मालवाहू गाडीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळं जुन्या गाडीचा भाव करताना शोरूमची आजची किंमत विचारून मगच बोला.

नॅशनल परमिटवर चालवायची असेल तर गाडीचं वय मोजा. दोन अॅक्सलच्या गाडीला १२ वर्षांपर्यंतच ते मिळतं, मल्टी-अॅक्सलला १५ वर्षांपर्यंत. नऊ वर्षांची गाडी चार वर्षांच्या कर्जावर घेतलीत तर शेवटच्या वर्षी हप्ता चालू आणि परराज्याचं भाडं बंद. म्हणूनच कंपन्याही जुन्या गाडीला लांब मुदत देत नाहीत.

लायसन कुठलं लागतं?

हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला नक्की केलं. त्याच्या वरच्या गाडीला जड वाहनाचं लायसन लागतं: वय २० पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन एक वर्ष जुनं, डॉक्टरचा दाखला आणि ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र. आठवी पासची अट आता नाही. दर ५ वर्षांनी नूतनीकरण.

जुनी गाडी बघताना काय बघू?

इंजिन, चेसी, हौदा हे तुम्हाला माझ्याइतकंच कळतं. कागदांत माणूस फसतो. एम-परिवहन अॅपवर नंबर टाका: बोजा आहे का, आणि पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), विमा, टॅक्स कधीपर्यंत आहे ते दिसतं. ई-चलनं वेगळी बघा, कधीकधी पन्नास हजारांची निघतात. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर भरलाय का तेही विचारा. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांचं असतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं.

पुरात बुडालेली गाडी आपल्या भागात हटकून विकायला येते. सीटखालचा पत्रा, वायरिंगच्या जोडांवरची माती आणि डॅशबोर्डच्या मागचा वास बघा. पंचगंगेचा गाळ सहज निघत नाही.

महिन्याला किती पडले पाहिजेत?

मी माझ्या वहीसारखा हिशेब मांडतो, आकडे तुमच्या गाडीचे घाला. ११ लाखांची सहा चाकी, ३ लाख स्वतःचे, ८ लाख कर्ज. हप्ता २८,९००. साडेसात ते बारा टनांच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ पासूनच्या दरानं २७,१८६ आणि वर कर. गाडीचं स्वतःचं नुकसान धरून वर्षाला ४५ हजार धरू, म्हणजे महिन्याला ३,७५०. त्यातच मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो कधीही वगळू नका. पासिंग, टॅक्स, परमिट २,५००. टायर आणि कामं १३,०००. झाले ४८,१५०. घरी २०,००० न्यायचे तर ६८,१५०.

आता पुणे जाऊन-येऊन साधारण ४७० किलोमीटर. सातचं अॅव्हरेज आणि ९० रुपये डिझेल धरलं तर सहा हजारांचं डिझेल. महिन्यात दहा फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीला दोन्ही बाजूंचं मिळून तेरा हजाराच्या आसपास भाडं हवं, आणि वर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर या चार नाक्यांचा दोन वेळचा टोल. सातच फेऱ्या झाल्या तर डिझेल-टोल सोडून प्रत्येक फेरीनं ९,७०० द्यायला हवेत. परतीचं भाडं नसेल तर हा हिशेब बसतच नाही. म्हणून गाडी घेण्याआधी परतीचा माल कोण देणार, त्याचं नाव तुमच्याकडं असलं पाहिजे.

माल कुठून मिळणार?

आपल्या जिल्ह्याची ही श्रीमंती आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग वर्षभर पुण्याकडं आणि बेंगळुरूकडं जातं. दिवाळीत आठवडाभर शांत. शाहू मार्केट यार्डातला गूळ थंडीत गुजरातला जातो. इचलकरंजीचं कापड भिवंडीला आणि राजस्थानला. साखर तर हंगाम संपल्यावरही गोदामातून निघत राहते.

सुरुवातीला ट्रान्सपोर्टवाल्याकडूनच भाडं घ्यावं लागतं आणि तो कमिशन कापणारच. दोन-तीन ट्रान्सपोर्ट धरून ठेवा. कोकणातलं भाडं चांगलं दिसतं, पण आंबा घाट नाहीतर करूळ घाट उतरायचा असतो. ब्रेक आणि टायर नवे नसतील तर त्या भाड्याला हात लावू नका.

भरणी-उतरणीची वाराई, म्हणजे हमालीचे पैसे, कुणी द्यायची, ते निघण्याआधी बोलून घ्या. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची मागणी न्याय्य आहे आणि एकट्या गाडीवाल्यानंही ती नम्रपणे, पण ठामपणे मांडली पाहिजे. भाड्यातले हजार-बाराशे तिथंच जातात.

भाड्याचे पैसे दोन-दोन महिने मिळत नाहीत. हप्ता कसा भरू?

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करा. आधारवर होते, फुकट आहे. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. शिवाय वेळेत न दिलेली रक्कम त्या कंपनीला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळं मार्चमध्ये त्यांचा हिशेबनीस स्वतःहून फोन करतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. पोचपावतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. ती हरवली की बॅलन्स भाडं अडलंच.

हप्ता चुकणार असं दिसतंय. काय करू?

चुकायच्या आधी कंपनीत जा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला तेव्हा माझी गाडी आठवडाभर रांगेत उभी होती. हातात एकही हप्ता शिल्लक नव्हता. मी फोन बंद ठेवला, ती माझी चूक. चेक परत गेला, दंड लागला आणि कष्टानं वर आलेला स्कोअर पुन्हा खाली गेला. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा तीन हप्ते वेगळ्या खात्यात ठेवलेले होते. रात्री झोप लागली. ते तीन हप्ते आजही तसेच आहेत, त्यांना टायरसाठीसुद्धा हात लावत नाही.

वसुलीवाल्यानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी चालत नाही. गुंड लावून गाडी ओढून नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलंय. तक्रार आधी कंपनीकडं लेखी द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, चौकशीचा क्रमांक १४४४८.

आणि खरोखरच झेपत नसेल तर गाडी ओढून नेण्याची वाट बघू नका. कंपनीच्या परवानगीनं स्वतः गिऱ्हाईक आणून विका. लिलावात भाव पडतो, उरलेली बाकी तुमच्याच माथी राहते आणि सिबिल पुन्हा सात वर्षं मागं जातं.

दोन टन जास्त भरले तर हप्ता सुटतो ना?

एका फेरीला सुटतो. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि प्रत्येक जादा टनाला २,००० वाढतात. वर माल उतरवून घ्यावा लागतो. अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवते ते वजनकाट्याच्या पावतीवर. तुमच्याकडं ती जोखीम पेलायला दुसरी गाडी नाही.

आयकर भरावा लागतो का?

विवरणपत्र भराच. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याला गृहीत उत्पन्नाची सोय आहे, १२ टनांपर्यंतच्या गाडीला महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात. वह्या ठेवायची कटकट नाही, कर बहुतेकांना शून्य येतो, आणि पुढच्या कर्जाला तोच कागद कामाला येतो. ट्रान्सपोर्टवाल्याला पॅनसह तसं लिहून दिलं की टीडीएस कापत नाहीत.

चालकाची नोकरी कधी सोडू?

आरसी, विमा आणि परमिट, तिन्ही तुमच्या नावावर आल्यावर. तीन हप्ते बाजूला असताना. आणि परतीचा माल देणारा एकजण पक्का झाल्यावर. मालकाला महिनाभर आधी सांगा, त्याची गाडी दुसऱ्याच्या हातात नीट देऊन या. माझं पहिलं भाडं माझ्या जुन्या मालकानंच दिलं: गोकुळ शिरगावहून भोसरीला सात टन कास्टिंग, आणि डिझेलला आठ हजार अॅडव्हान्स.